तीनच मेडल, तरी लोरी मार एवढा मोठा का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलाला शाळेत हर्लिंग या आयरिश खेळाच्या जुन्या खेळाडूवर प्रोजेक्ट दिलाय, त्याच्या वाट्याला लोरी मार आलाय, आणि वाचता वाचता तुम्ही दोघं दोन ठिकाणी अडलात. एक म्हणजे याच्याकडे ऑल-आयर्लंडची, म्हणजे देशातल्या काउंटींच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, मेडल फक्त तीन आणि त्याच किलकेनी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) हेन्री शेफलिनकडे दहा, मग याला सगळ्यात मोठ्या खेळाडूंत का धरतात. आणि दुसरं, एवढा मोठा होता तर त्याच्या नावाचा कप सगळ्यात खालच्या टीमसाठी का. दोन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत, इथल्या मुलांनाही पडतात. मी मूळचा मिरजेचा, अठरा वर्षं किलकेनीत राहतोय आणि त्यातली बारा वर्षं दहा वर्षांखालच्या पोरांना हर्लिंग शिकवतोय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, घाई नसेल तेव्हा वाचा.

आधी नाव. स्पेलिंग बघून आपण मेघर, मेगर असं काहीतरी म्हणतो, पण त्यातल्या ग चा उच्चार करत नाहीत, किलकेनीत सरळ मार म्हणतात. पूर्ण नाव लोरेन्झो इग्नेशियस मार. मुलाला वर्गासमोर बोलायचं असेल तर एवढं आधी पक्कं करून घ्या.

जन्म ४ मे १८९९, किलकेनी शहराच्या पश्चिमेला टुलारोन नावाचं गाव आहे तिथला, शेतकऱ्याचं घर, खाऊन पिऊन बरं. वडील हेन्री हे हर्लिंग चालवणाऱ्या गेलिक असोसिएशनच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी, १८८४ साली थर्ल्स गावात हेजच्या हॉटेलात जी पहिली सभा झाली तिला ते हजर होते असं टुलारोनमध्ये सांगतात. भाऊपण किलकेनीकडून खेळले. म्हणजे पोराला खेळ शिकायला कुठे जावं लागलं नाही, घरात तेच बोलणं, अंगणात तेच. आणि गाव कुठलं, तर ज्या गावच्या सिम वॉल्टनने किलकेनीला उभं केलं ते. १९०४ ते १९१३ या दहा वर्षांत किलकेनीने सात ऑल-आयर्लंड जिंकल्या, लोरी तेव्हा पाच वर्षांचा ते चौदा वर्षांचा. त्या वयात गावातला माणूस मेडल घेऊन येताना बघितला की पोराच्या डोक्यात काय बसतं हे तुम्हाला सांगायला नको.

पण मग स्वतः खेळायच्या वयाचा झाला तेव्हा देशातच युद्ध चालू होतं, आधी इंग्रजांविरुद्ध आणि मग आपापसात. मॅचेस लांबत होत्या, १९२२ ची फायनल चक्क १९२३ च्या सप्टेंबरात झाली. ती किलकेनीने जिंकली पण त्यात लोरी नव्हता. तो काउंटीच्या टीममध्ये आला १९२४ च्या सुमाराला, म्हणजे पंचविशीत. आजच्या हिशोबाने उशीरच.

आता खेळ काय आहे ते दोन ओळीत, नाहीतर पुढचे आकडे कळणार नाहीत. पंधरा विरुद्ध पंधरा, हातात ॲशच्या लाकडाची हर्ली, बॉलला स्लिटर म्हणतात, आत कॉर्क आणि वरून चामडं, शिवणीच्या कडा वर आलेल्या. गोलपोस्ट इंग्रजी एच सारखा, आडव्या दांडीखालून गेला तर गोल म्हणजे तीन पॉइंट, वरून गेला तर एक. स्कोअर १-६ असा लिहितात, म्हणजे एक गोल सहा पॉइंट, एकूण नऊ. त्या काळी मॅच साठ मिनिटांची, डोक्यावर हेल्मेट वगैरे काही नाही, आणि पैसे तर नाहीतच, ते आजही नाहीत. सोमवारी सगळे परत आपापल्या शेतावर नाहीतर कामावर.

लोरी खेळायचा मिडफिल्डला. आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं, कारण तेव्हाचं मिडफिल्ड म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. आज आमची पोरं काय करतात, बॉल उचलतात, हातात घेतात, चार पावलं पळतात, बघतात आणि मग मारतात नाहीतर शेजारच्याला हाताने पास देतात. तेव्हा हातात घ्यायला वेळच मिळत नव्हता, घेतलात की दोन माणसं अंगावर. बॉल जमिनीवर असेल तर जमिनीवरच मारायचा, धावता धावता, न थांबवता. हवेत असेल तर डोक्यावरच मारायचा, खाली येऊ द्यायचा नाही. त्याला इथे ओव्हरहेड पुल म्हणतात. समोरचापण त्याच बॉलवर हर्ली फिरवतोय, दोघांच्या हर्ल्या एकमेकींवर आपटतायत, आणि त्यात तुम्हाला बॉल नुसता लागायलाच हवा असं नाही तर साठ-सत्तर मीटर लांब आपल्या फॉरवर्डच्या पुढ्यात पडायला हवा. यात लोरी सगळ्यांच्या वर होता. जमिनीवरचा मार, डोक्यावरचा मार, आणि साइडलाइनवरून घ्यायचा कट, या तिन्हीत.

साइडलाइन कटबद्दल जरा सांगतो कारण मुलगा ते स्वतः करून बघू शकेल. बॉल लाइनच्या बाहेर गेला की तो गवतावर ठेवतात आणि हात न लावता, न उचलता, एका फटक्यात मारायचा असतो. तो हवेत उडायला हवा. आता जमिनीवर पडलेला बॉल एका फटक्यात उडवायचा कसा, तर हर्लीचं जे चपटं रुंद टोक असतं त्याला बॉस म्हणतात, त्याची धार बॉलच्या बरोबर खाली घालायची, गवताला घासून. विळ्याने गवत कापतो तसं. एक बोटभर वर लागला तर बॉल सरपटत जातो, बोटभर खाली लागला तर माती उडते आणि मनगटाला झटका बसतो तो दोन दिवस राहतो. मी पोरांना आधी बॉल न ठेवता नुसती गवताची पाती उडवायला सांगतो, वीस-पंचवीस वेळा, मग बॉल. आमच्याकडे लहानपणी विटी-दांडू खेळलेल्याला उचलून मारणं लगेच कळतं, पण हा कट कळायला मला स्वतःला दोन वर्षं लागली. आणि आताचा बॉल हलका, एकसारखा बनवलेला आहे. १९३० चा बॉल पावसात भिजला की चामडं पाणी प्यायचं, जड व्हायचा, चेंडू मारतोय की ओला दगड कळत नसेल. तसला बॉल तो लाइनवरून थेट दांडीवरून घालायचा.

मग मेडल. १९२६ ला फायनलला पोचले, कॉर्कने ४-६ विरुद्ध २-० असं धुतलं. पण त्याच वर्षी एक अशी गोष्ट झाली जी प्रोजेक्टमध्ये नक्की टाका. २९ ऑगस्ट १९२६, किलकेनी विरुद्ध गॉलवे, सेमी-फायनल, आणि डब्लिनच्या टू-आर-एन रेडिओवरून त्या मॅचची लाइव्ह कॉमेंट्री झाली. युरोपात कुठल्याही मैदानी खेळाची ही पहिली थेट कॉमेंट्री असं मानतात, बोलणारे होते पी. डी. मेहिगन. म्हणजे लोरीच्या पिढीचे खेळाडू हे पहिले ज्यांना लोकांनी न बघता नुसतं ऐकलं. घरी रेडिओ असायचा गावात एखाद्याकडे, खिडकी उघडून ठेवायची आणि बाहेर गर्दी. आपल्याकडे ट्रान्झिस्टरवर क्रिकेट ऐकणारी पिढी ज्यांनी बघितलीय त्यांना हे लगेच समजेल, ऐकलेला खेळाडू बघितलेल्यापेक्षा मोठा होत जातो.

आता १९३१. मला कुणी विचारलं की लोरीबद्दल एकच गोष्ट सांग तर मी १९३१ च सांगतो. फायनल, किलकेनी विरुद्ध कॉर्क, डब्लिनचं क्रोक पार्क मैदान, ६ सप्टेंबर. शेवटाला किलकेनी एक पॉइंटने पुढे आणि कॉर्कचा कॅप्टन युडी कॉक्लन बॉल घेऊन आला, पाय घसरून पडला आणि गुडघ्यावरूनच मारला, दांडीवरून गेला. १-६, १-६. बरोबरी. ११ ऑक्टोबरला परत खेळले. २-५, २-५. परत बरोबरी. तेव्हा लोकांनी असंपण सुचवलं की दोघांनाही विजेते ठरवून टाका, बास झालं, यापेक्षा कुणी काय जास्त करणार. पण नाही, तिसरी ठरली, १ नोव्हेंबर.

आणि दुसऱ्या मॅचमध्ये लोरीच्या बरगड्या मोडल्या होत्या. तिसरी तो खेळू शकला नाही, साइडलाइनवर बसून बघितली. कॉर्क जिंकलं, ५-८ विरुद्ध ३-४, म्हणजे तेवीस विरुद्ध तेरा. बघा, दोन मॅच, एकशे वीस मिनिटं, दोन टीममध्ये एका पॉइंटचापण फरक नाही, आणि तो एक माणूस काढल्यावर दहाचा फरक. आता एकट्यामुळेच हरले असं मी म्हणणार नाही, तीन-तीन मॅच खेळून पाय गेलेले असतात, कॉर्कची टीमपण जबरदस्त होती. पण किलकेनीची म्हातारी माणसं आजही हेच सांगतात, आमच्याकडे लोरी नव्हता. मला आमच्या क्लबच्या एका आजोबांनी सांगितलं होतं की त्यांचे वडील ती तिसरी मॅच बघून आले होते आणि त्यांच्याकडून त्यांनी मॅचचं वर्णन कधीच ऐकलं नाही, फक्त लोरी बाहेर कसा बसला होता तेवढंच ऐकलं. मी मागे ट्रेनिंगला पोरांना हा किस्सा सांगितला तर एक आठ वर्षांचा म्हणाला, मग त्याला रडू आलं असेल ना. मी म्हटलं आलंच असेल रे.

आणि या तीन मॅचेसनी हर्लिंगचं काय केलं ते आकड्यात दिसतं. पहिल्या मॅचला २६ हजारांच्या वर माणसं, दुसरीला ३३ हजारांवर. दोन वर्षांनी १९३३ च्या फायनलला ४५ हजार, आणि १९३६ ला ५१ हजारांच्या पुढे. पाच वर्षांत दुप्पट. नवीन देश, हातात पैसा नाही, तरी लोक ट्रेनने, सायकलने डब्लिनला यायला लागले. हा खेळ जो गावागावांचा होता तो सगळ्या देशाचा झाला तो या काळात, आणि त्या गर्दीला बघायचं होतं ते लोरीला आणि नंतर लिमरिकच्या मिक मॅकीला. म्हणून मेडल मोजून या माणसाचं मोजमाप होत नाही. शेफलिनची दहा मेडल खरीच आहेत, मी त्यातल्या काही फायनल स्टेडियममध्ये बसून बघितल्यात आणि तो अफाटच होता, पण तो ज्या भरलेल्या स्टेडियममध्ये खेळला ते भरायला सुरुवात लोरीच्या पिढीने केली.

पुढे जिंकलेपण. १९३२ ला क्लेअरला ३-३ विरुद्ध २-३ हरवलं, लोरीचं पहिलं मेडल, वय तेहतीस. १९३३ ला लिमरिकला १-७ विरुद्ध ०-६. मग १९३५, आणि हे माझं सगळ्यात आवडतं, कारण तेव्हा तो कॅप्टन होता आणि छत्तीस वर्षांचा. समोर लिमरिक, आदल्या वर्षीचे चॅम्पियन, मॅकी ऐन भरात, कुणालाच वाटत नव्हतं किलकेनी जिंकेल. त्या दिवशी धो धो पाऊस. मी मघाशी ओल्या बॉलचं सांगितलं ना, ते इथे आठवा. मैदान चिखल, हातातून हर्ली सटकतेय, बॉल उचलायला गेलात तर निसटतोय, अशा दिवशी कुणाचा खेळ चालणार, तर ज्याला बॉल हातात घ्यायची गरजच नाही त्याचा. लोरीने मिडफिल्ड धरून ठेवलं. ४६ हजारांच्या वर माणसं पावसात भिजत बघत होती. अगदी शेवटी लिमरिकला गोलजवळ फ्री, म्हणजे फाउलबद्दलचा मोकळा फटका, मिळाली, मॅकीने घेतली पण वरून गेली नाही, आणि किलकेनी २-५ विरुद्ध २-४ जिंकलं. एका पॉइंटने. चार वर्षांपूर्वी बाहेर बसून हरलेला माणूस कप घेऊन टुलारोनला आला. आजही भिजत ट्रेनिंग घ्यायची वेळ आली आणि पालक म्हणाले की कॅन्सल करा, तर मी करत नाही, वीज चमकत नसेल तोपर्यंत. ओल्या बॉलवर जमिनीवरचा मार शिकायला याच्यापेक्षा चांगला दिवस नसतो.

१९३६ ला परत फायनल, लिमरिकने ५-६ विरुद्ध १-५ असा सगळा हिशोब चुकता केला. त्यानंतर लोरीचं काउंटीचं करिअर लवकरच संपलं. लेन्स्टर प्रांताकडूनही तो खेळला, १९२७ ला प्रांताप्रांतांमधला रेल्वे कप पहिल्यांदा झाला तो लेन्स्टरने जिंकला त्यात तो होता. क्लबसाठी म्हणजे टुलारोनसाठी काउंटी चॅम्पियनशिप जिंकल्या त्या वेगळ्याच, आणि गावात विचाराल तर त्या आधी सांगतील.

माणूस म्हणून फार लाजाळू. लग्न केलं नाही, शेती करत राहिला, स्वतःबद्दल बोलायला अजिबात तयार नसायचा. एक किस्सा सगळेच सांगतात, की एक पत्रकार त्याला भेटायला टुलारोनला आला, रस्त्यात एक माणूस दिसला त्याला विचारलं लोरी मार कुठे भेटेल, तो माणूस म्हणाला अरेरे आत्ताच गेला, आणि तो माणूस म्हणजे स्वतः लोरी. किस्सा तंतोतंत असाच घडला का ते सोडा, पण त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना तो खरा वाटला हे महत्त्वाचं. २५ मे १९७३ ला गेला, चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. १९८४ ला असोसिएशनला शंभर वर्षं झाली तेव्हा शतकाची टीम निवडली, तिच्यात मिडफिल्डला लोरी आणि जॅक लिंच, तेच जॅक लिंच जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले. २००० साली सहस्रकाची टीम निवडली तिच्यातही हीच जोडी. त्याला जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती, निवडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याला खेळताना बघितलंही नसणार. ऐकलं होतं.

आता कपाचं. हर्लिंग सगळ्या देशात सारखं खेळत नाहीत, दक्षिणेतल्या आणि मधल्या ठराविक काउंटीतच ते मुरलेलं आहे. उत्तरेला, पश्चिमेला कितीतरी ठिकाणी गेलिक फूटबॉलच, हर्लिंगचे क्लब दोन किंवा तीन. त्या टीमना किलकेनीसमोर उभं केलं तर तीस-चाळीस पॉइंटने हरणार, मग पोरं खेळणारच नाहीत. म्हणून पायऱ्या केल्या, आपापल्या ताकदीच्या टीमशी खेळा. २००५ ला क्रिस्टी रिंग आणि निकी रॅकर्ड या जुन्या खेळाडूंच्या नावाचे कप आले आणि २००९ ला लोरी मार कप, नंतर २०१८ ला वर अजून एक आला त्यामुळे हा आता पाचव्या पायरीवर. लँकेशरसारखी इंग्लंडमधली टीमपण यात खेळलीय. तुम्ही म्हणताय सगळ्यात खालचा, पण माझ्या मते नाव अगदी योग्य ठिकाणी बसलंय. हे सगळे कामावरून सुटून, दीड-दोन तास गाडी चालवून ट्रेनिंगला जाणारे लोक, बघायला कुणी नाही, पेपरात दोन ओळी. फायनल मात्र क्रोक पार्कवर, जिथे लोरी खेळला तिथेच.

आणि मुलासाठी एक नाव देतो, झॅक मोरादी. कुर्दी मुलगा, इराकमध्ये रमादीजवळच्या निर्वासित छावणीत जन्मलेला, २००२ ला अकरा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर आयर्लंडला लीट्रिममध्ये आला. हर्ली म्हणजे काय हे माहीत नव्हतं, शाळेत शिकला. २०१९ ला लीट्रिमने लँकेशरला एक्स्ट्रा टाइममध्ये हरवून लोरी मार कप जिंकला, त्या टीममध्ये झॅक होता. तुमचा मुलगा पण बाहेरून आलेला, वर्गात त्याला कुणी म्हटलं असेल की हा आमचा खेळ आहे, तर प्रोजेक्टचं शेवटचं पान झॅकला द्या, लोरीच्या नावाचा कप हातात घेतलेला फोटो इंटरनेटवर सहज मिळेल.

अजून एक, जमलं तर एखाद्या शनिवारी टुलारोनला या. लोरीचं गवती छपराचं जुनं घर नीट जपून ठेवलंय, तिथेच किलकेनीच्या हर्लिंगचं म्युझियम आहे, येण्याआधी उघडं आहे का फोन करून विचारा. किलकेनी शहरापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. मुलाला त्याची हर्ली बरोबर आणायला सांगा, घर बघून झालं की जवळच्या गवतावर मी त्याला साइडलाइन कट दाखवतो. हर्लीची लांबी बरोबर आहे का तेपण बघून घेऊ, सरळ उभा राहून हर्ली पायाशी टेकवली तर वरचं टोक कमरेच्या हाडापर्यंत यायला हवं, बरेच आईवडील पुढे वाढेल म्हणून मोठी घेतात आणि मग पोराचं मनगट फिरतच नाही.